समुद्राच्या माणसांना पुणं दाखवताना: बागा, टेकड्या आणि संध्याकाळी टेकायच्या जागा

आत्या आणि काका रत्नागिरीहून आठवडाभर राहायला आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आत्यानं साडी बदलली, केस नीट बांधले आणि दारात येऊन उभी राहिली. "चल गो, जाऊन बसूया." मी विचारलं, "कुठं?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. मांडवीला राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी कुठं जायचं हे ठरवावं लागत नाही. चपला घालायच्या, जेट्टीवर जायचं, अंधार पडला की घरी यायचं. तिकीट नाही, शिट्टी नाही, फाटक बंद व्हायची वेळ नाही.

त्या आठवड्यात मी बऱ्याच चुका केल्या. त्यानंतर कोकणातले आणि मुंबईचे बरेच पाहुणे येऊन गेले आणि हळूहळू एक बेत बसत गेला. तोच इथे देतेय. पुण्यात समुद्र नाही, पण नावाजलेल्या बऱ्याचशा बागा कुठल्या ना कुठल्या पाण्यापाशी आहेत: आटवलेलं तळं, कालवा, नदीवरचा बंधारा, पेशव्यांच्या नळाचा तलाव. 'पुण्यातली टॉप टेन ठिकाणं' घेऊन गावभर धावण्यापेक्षा पाणी धरून फिरा. एका दिवशी एकाच बाजूच्या जागा होतात आणि रिक्षाचे पैसेही वाचतात.

सगळ्यात आधी घड्याळ

ही पायरी चुकली तर पुढचं सगळं फुकट. महापालिकेच्या बहुतेक बागा दिवसातून दोनदा उघडतात. साधारण सकाळी ६ ते १०-११ आणि मग दुपारी ४ ते रात्री ८. मधल्या वेळात फाटकाला कुलूप. बाहेरगावच्या माणसाला हे खरंच वाटत नाही, कारण त्याच्या हिशोबानं बागेत जायची वेळ म्हणजे नाश्ता, अंघोळी, देवपूजा आटोपून अकराला.

आम्हीही तसेच निघालो होतो. नऊ माणसं, दोन रिक्षा, शिऱ्याचा डबा, पुऱ्या, पाण्याच्या चार बाटल्या. एका बागेच्या दारात पोहोचलो तेव्हा रखवालदार कडी लावत होता. "आता चारनंतर." काकांनी घड्याळ दाखवलं, आत्यानं गोड आवाज काढला, काही उपयोग झाला नाही. शेवटी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून शिरा संपवला. आत्या म्हणाली, "आमचा समुद्र असा दुपारचा बंद नाही होत हो!"

तेव्हा दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी साडेसहा ते साडेनऊ: महापालिकेची बाग नाहीतर टेकडी. दुपारी ११ ते ४: घरी वामकुक्षी, बाहेरच पडायचं असेल तर एम्प्रेस गार्डन किंवा कात्रजचं प्राणिसंग्रहालय, कारण ही दोन ठिकाणं साधारण साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत सलग उघडी असतात. संध्याकाळी साडेचारनंतर: सारसबाग, पर्वती किंवा खडकवासला.

कात्रज बुधवारी बंद असतं. हे वाक्य वेगळं लिहिलंय, कारण दर बुधवारी तिथल्या फाटकाशी एखादं रडणारं पोर असतंच.

मग माणसं मोजा

बरोबर कोण आहे त्यावर बाग ठरते. गुडघे दुखणारं माणूस असेल तर पर्वती संध्याकाळच्या यादीतून काढा किंवा त्या माणसाला सारसबागेत बाकावर बसवून बाकीचे वर जाऊन या. पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर जपानी बागेतल्या शांततेचा त्याला काडीचा उपयोग नाही, त्याला पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे छोटी आगगाडी, दाखवा. तरण्या मुलांना टेकडी. आमच्या काकांसारखं 'मी काही बघायला आलेलो नाही, मला नुसतं बसायचंय' म्हणणारं एखादं माणूस प्रत्येक कुटुंबात असतं. त्याच्यासाठी सावलीतला बाक आधीच हेरून ठेवा.

पिशवीत जुनी चादर (बसायला), पाणी, टोपी, सुट्टे पैसे आणि एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी निघणार असाल तर स्वेटर. किनाऱ्यावरची माणसं स्वेटर आणतच नाहीत. पुण्यात पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा ती घरातल्या शाली गुंडाळून बागेत येतात. तेव्हा आपलेच दोन जादा काढून ठेवा. स्वच्छतागृह आत शिरतानाच विचारून घ्या, गरज पडल्यावर नव्हे. एखाद्या बागेत ते पार दुसऱ्या टोकाला असतं.

पहिली संध्याकाळ: सारसबाग आणि पर्वती

पाहुण्यांची सुरुवात इथूनच करा. मेट्रोनं स्वारगेटला उतरा. पिंपरी-चिंचवडहून येणारी ही जांभळी मार्गिका २०२४ च्या सप्टेंबरपासून थेट स्वारगेटपर्यंत येते. वनाज-रामवाडी मार्गिकेवरून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदला. स्वारगेटहून नेहरू स्टेडियमच्या अंगानं चालत सारसबाग दहा-पंधरा मिनिटं. गर्दीचा रस्ता आहे, पोरांचे हात धरा.

आत शिरल्यावर लगेच देवळाकडे धावू नका. हिरवळीवर थांबा आणि पाहुण्यांना सांगा, की आपण उभे आहोत ते तळ्याच्या तळाशी. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करून घेतलं, मध्ये एक बेट राखलं. पुढे सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, त्या बेटावर गणपती बसला. म्हणून जुनी माणसं अजूनही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. तळं गेलं, बाग झाली, नाव तेवढं पाण्यातलं राहिलं. हे ऐकून आमच्या काकांनी पायाखालच्या हिरवळीकडे असं पाहिलं, जणू अजून ओल शोधतायत.

मूर्ती छोटी, पांढरी. थंडीत गेलात तर गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि टोपी घातलेली दिसेल. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास हसतो आणि मग हात जोडतो. देवळाच्या पायऱ्या फार नाहीत, पण रांग मंगळवारी, चतुर्थीला आणि रविवारी लांबते. दर्शन हा मुख्य हेतू नसेल तर हे दिवस टाळाच. दिवाळी पाडव्याच्या पहाटे इथे दिव्यांनी आणि नव्या कपड्यांतल्या पुणेकरांनी हिरवळ भरून जाते. तो अनुभव हवा असेल तर पाचच्या आतच पोहोचायला हवं आणि गाडी घरीच ठेवायला हवी.

लहान मुलं असतील तर शेजारच्या पेशवे पार्कात न्या. एकेकाळी इथे प्राणिसंग्रहालय होतं. १९९९ मध्ये प्राणी कात्रजला गेले, फुलराणी मात्र इथेच राहिली. ही छोटी आगगाडी १९५६ पासून धावतेय, म्हणजे आज नातवंडाला घेऊन रांगेत उभे असलेले बरेच आजोबा स्वतः हिच्यात बसलेले असतात. आणि तेही आत बसायला मागतात, हे रखवालदाराला पाठ आहे.

साडेपाच वाजले की पर्वतीकडे निघा. पायथा एखाद्या किलोमीटरवर आहे, चालवत नसेल तर रिक्षा करा. एकशे तीन पायऱ्या. आकडा ऐकून घाबरू नका, पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या आहेत, एकीवर दोन पावलं पडतात. चढण्याची रीत अशी: वीसेक पायऱ्या चढा, मागे वळून शहर बघण्याचं निमित्त करा, दम घ्या, पुन्हा चढा. आत्या चार वेळा 'शहर बघून' वर पोहोचली.

वर देवदेवेश्वराचं देऊळ, पेशव्यांचं संग्रहालय आणि वारा. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब २३ जून १७६१ ला इथेच गेले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावानं पाहिली तीही इथूनच. पण पाहुण्यांना सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? कठड्याशी उभं राहून खाली सारसबागेचा हिरवा तुकडा बोटानं दाखवायचा. मघाशी आपण बसलो होतो ते तळं किती मोठं असेल याचा अंदाज वरूनच येतो. सूर्य इथे पाण्यात बुडत नाही, पश्चिमेच्या डोंगरांमागे जातो. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं तो दहा मिनिटं आधीच गेला. अंधार पडायच्या आत उतरा, दगड गुळगुळीत झालेत.

उतरल्यावर पोटाला. सारसबागेच्या बाहेरच्या खाण्याच्या पट्ट्याला पुण्यात 'चौपाटी' म्हणतात. पावभाजी, भेळ, पाणीपुरी. अतिक्रमणाच्या कारवायांमुळे इथे कधी गर्दी तर कधी शुकशुकाट असतो, तेव्हा फक्त त्याच आशेवर पोरांना उपाशी ठेवू नका. "चौपाटी म्हणता नि वाळू कुठंय?" हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा, कारण शेवटच्या दिवशी आणखी एका चौपाटीवर जायचंय.

सकाळची बाग: पु. ल. देशपांडे उद्यान

सिंहगड रस्त्यावरची ही बाग लोकांच्या तोंडी 'जपानी बाग' किंवा 'ओकायामा'. पुणे आणि जपानमधलं ओकायामा यांच्या मैत्रीतून ती झाली आणि २००६ मध्ये खुली झाली. नमुना घेतला तो ओकायामातल्या कोराकुएन बागेचा, जी १७०० मध्ये पूर्ण झाली आणि जपानच्या तीन थोर बागांत गणली जाते. तिथली बाग नदीकाठी आहे. आपली आहे पर्वतीच्या मागच्या अंगाला, कालव्याशेजारी. खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याचं पाणी इथे बागेतून खेळवलंय.

सकाळी सातला पोहोचा. हे मी अगदी ठासून सांगते, कारण रविवारी संध्याकाळी या बागेत शांतता सोडून सगळं सापडतं. सकाळी ऊन तिरकं असतं, तळ्यातले लाल-पांढरे कोई मासे काठाशी येतात, पाण्याचा आवाज ऐकू येतो. साडेदहाच्या सुमारास फाटक बंद होतं, तेव्हा दोन-अडीच तास हातात आहेत. ते पुष्कळ झाले.

फिरायचं कसं? तिकीट काढून आत आलात की वाट जशी वळेल तसं जा, आडवाटेनं कापू नका. ही बाग एका नजरेत दिसू नये अशीच रचलीय. टेकाड ओलांडलं की तळं, तळ्याच्या कडेनं गेलं की पूल, पुलावरून पुन्हा तेच टेकाड, पण वेगळं. घाईनं चाललात तर पंधरा मिनिटांत संपते आणि 'एवढंच?' असं वाटतं. आमच्याकडचे एक मुंबईचे पाहुणे बारा मिनिटांत बाहेर येऊन उभे राहिले होते.

नियम कडक आहेत. हिरवळीवर पाय ठेवायचा नाही, आत खायचं नाही, चेंडू-बॅट तर दूरच. आत्याला हे माहीत नव्हतं. तिनं चप्पल काढली, हिरवळीच्या कडेला एक पाऊल ठेवलं आणि शिट्टी वाजली. कोणासाठी वाजली हे बघायला ती मागे वळली आणि दुसरं पाऊल ठेवलं. पुन्हा शिट्टी. मग तिच्या लक्षात आलं. "अगो, गवताला पाय लावायचा नाही तर मग लावलंय कशाला?" मी तिला वाटेवरच्या दगडावर बसवलं. ती दहा मिनिटं पाण्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "ह्याला भरती-ओहोटी नाही, पण आवाज बरा आहे." पुणेकरांच्या एखाद्या गोष्टीबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा त्या आठवड्यातला पहिला चांगला शब्द.

नाश्ता बाहेर येऊन करा. नऊनंतर सिंहगड रस्त्याची वाहतूक तुंबते, त्यामुळे परतायला बस किंवा रिक्षा लवकर पकडा.

दुपार: एम्प्रेस गार्डन

मला स्वतःला सगळ्यात आवडती बाग हीच. रेसकोर्सच्या शेजारी, पूलगेटहून रिक्षानं दहा मिनिटांवर. सुमारे ३९ एकर. ती महापालिकेची नाही, अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था चालवते. इंग्रज सैनिकांसाठीची बाग, मग व्हिक्टोरिया राणीच्या पदवीवरून 'एम्प्रेस'. तिकीट आहे, पण दुपारी उघडी असते आणि एप्रिलच्या उन्हातसुद्धा आत शिरलं की अंगावरचा ताप उतरतो, इतकी झाडं जुनी आणि दाट. इथेही शेजारून तोच मुठा उजवा कालवा जातो. सकाळी जपानी बागेपाशी भेटलेलं पाणी दुपारी इथून पुढे हडपसरकडे जाताना भेटतं.

डबा घेऊन जायचं तर इथेच. मोठ्या झाडाखाली चादर पसरा, पुऱ्या-बटाटा खा, एक माणूस झोपू द्या. मुलांना झोके आणि घसरगुंड्या आहेत. शनिवार-रविवारी मोठमोठी कुटुंबं येतात, चांगली सावली अकराच्या आतच संपते. २६ जानेवारीच्या सुमारास पुष्पप्रदर्शन असतं. तेव्हा गर्दी खूप, पण पाहुणे त्या दिवसांत असतील तर न्याच. वीकडेच्या सकाळी गेलात तर फुलं दिसतात, रविवारी माणसांची डोकीच.

आता मुद्द्याची जागा. रखवालदाराला किंवा माळ्याला विचारा, "गारंबीचा वेल कुठं?" विचारायला लाजू नका, कारण जवळ उभे असलात तरी वेल म्हणून तो चटकन ओळखू येत नाही. जाड, पिळदार, हत्तीच्या सोंडेसारखा, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेलेला. नजर बुंध्यापासून वर नेत नेत शेवट शोधायचा प्रयत्न करा, मान दुखेल. शेंगा धरल्या असतील तर हातभर लांबीच्या दिसतात, चापट, प्रत्येक बीपाशी दबलेल्या.

काका त्या वेलाजवळ बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ही गारंबी होय? हिच्या बिया आमच्याकडे भाट्याच्या किनाऱ्यावर येतात वाहून." आणि खरंच, गारंबीची बी चपटी, तपकिरी, कठीण कवचाची असते आणि आत पोकळी असल्यानं पाण्यावर तरंगते. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात, महिनोन्‌महिने तरंगत कुठल्या तरी किनाऱ्याला लागते. लहानपणी गालगुंड झालं की आत्याची आई हीच बी उगाळून लावायची. (लावायचीच, खायची नाही, बी विषारी आहे, मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि बागेतून काही उचलूही नका.) जी बी त्यांनी आयुष्यभर वाळूत पाहिली तिचा वेल त्यांना पुण्यात, समुद्रापासून लांब, घाटमाथ्याच्या अलीकडे, रेसकोर्सच्या शेजारी दिसला. पुढे जपानी बाग, पर्वती सगळं ते विसरले, पण फोनवर अजून 'तुमची ती गारंबी' निघते.

पोरं असतील तर कात्रज

राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सातारा रस्त्यावर, सुमारे १३० एकरांत. स्वारगेटहून कात्रजकडे जाणारी कुठलीही पीएमपीची बस चालते. तिकीट काढतानाच बॅटरीवरच्या गाडीचं तिकीटही विचारा. आत चालणं भरपूर आहे आणि पाच वर्षांचं पोर वाघापर्यंत हौसेनं जातं, परतीला कडेवर येतं. तिकीट खिडकी संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा तीनच्या आत आत शिरा.

आधी सर्पोद्यान बघा, मग बाकीचं. नीलमकुमार खैरे यांच्या पुढाकारानं ते १९८६ मध्ये इथे सुरू झालं. त्यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काढले होते, हे पोरांना काचेसमोर उभं राहूनच सांगा, परिणाम चांगला होतो. शेवटी तलावाच्या काठाशी या. पेशवाईत कात्रजहूनच भुयारी नळानं पाणी शहरात, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांत आणलं होतं. मोठ्यांना हे आवडतं, पोरांना नाही. त्यांना भूक लागलेली असते.

नदीकाठ, थोडक्यात

वेळ उरला तर संभाजी उद्यान करा. मेट्रोचं स्थानकच त्या नावाचं आहे, उतरलं की दारात. मुठेच्या काठची ही बाग जंगली महाराज रस्त्यावरच्या खरेदीला जोडून होते: बायकांची खरेदी, पुरुषांचं बाकावर बसणं, किंवा उलट. दिवाळीत इथले मातीचे किल्ले बघण्यासारखे असतात.

बंड गार्डनलाही त्याच वनाज-रामवाडी मार्गिकेवर स्थानक आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळा-मुठेवर बंधारा झाला, त्या 'बंड'वरून नाव. शेजारचा फिट्झजेराल्ड पूल १८६९ चा, त्याच्या टोकांचे सिंह फोटोत छान येतात. नदीचा वास येतो हे आधीच सांगून ठेवा. उन्हाळ्यात जास्त. किनाऱ्यावरच्या पाहुण्याला मासळीच्या वासाचं काही वाटत नाही, पण याचं वाटतं.

टेकडी एकदा तरी

पुणेकर सकाळी बागेपेक्षा टेकडीवर जास्त सापडतो. फर्ग्युसन महाविद्यालयामागची हनुमान टेकडी सगळ्यात सोपी, अर्ध्या तासाची. तळजाईला सपाट वाटा आणि मोरांचे आवाज. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळाचं देऊळ, एका अंगाला जुनी दगडखाण.

तीन गोष्टी पाळा. उजेड असतानाच वर जा आणि उजेडातच खाली या, एकटंदुकटं अंधारात रेंगाळू नका. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, काडी-विडी पेटवणाऱ्याला तिथल्या तिथे हटका. आणि चप्पल नको, बूट. मुरुमावरून पाय घसरतो. उतरल्यावर पायथ्याशी दुधी, कारलं, आवळा अशा रसांची टेबलं लागलेली असतात. काकांनी कारल्याचा रस एका घोटात संपवला, पैसे दिले आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "हे लोक रोज पितात?"

पावसाळ्यात टेकड्या हिरव्यागार होतात, मातीही निसरडी होते. पण कोकणातल्या पाहुण्याला पुण्याच्या पावसाची भीती घालू नका. इथे वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, त्यांच्याकडे तीन हजारांच्या वर. आपण छत्री उघडतो तेव्हा ते आभाळाकडे बघून विचारतात, सुरू झाला का?

शेवटची संध्याकाळ: खडकवासला

स्वारगेटहून पंधराएक किलोमीटर. धरण १८७९ चं, पुण्याचं पिण्याचं पाणी आणि दोन बागांपाशी भेटलेला तो कालवा, दोन्ही इथूनच निघतात. धरणाच्या भिंतीलगतच्या रस्त्याला म्हणतात चौपाटी. भाजलेली कणसं, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा, समोर पाणी आणि पलीकडे एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूचे डोंगर.

शनिवार-रविवारी जाऊ नका. सिंहगडाहून उतरणारे आणि इथे येणारे एकाच रस्त्यावर अडकतात. मंगळवार किंवा गुरुवार बघा, साडेचारला निघा, साडेपाचला काठावर असा. पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायलाही नाही. काठ उथळ दिसतो आणि एकदम खोल होतो. पोहता येणारी माणसंही इथे गेलीत. समुद्राची माणसं याबाबतीत फाजील विश्वासानं वागतात, त्यांना जरा जास्तच दटावा.

आत्यानं कट्ट्यावर चादर अंथरली, कणीस घेतलं, लिंबू-तिखट जास्त लावून मागितलं. वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या आणि भिंतीच्या दगडांवर आपटत होत्या. ती कणसाचे दाणे एकेक करून काढत समोर बघत होती. कोणी काही बोलत नव्हतं. साडेसहाला मी म्हटलं, "निघूया का, नंतर ट्रॅफिक लागेल." तिनं मान न वळवता हातानंच मला खाली बसायची खूण केली.

आम्हाला घरी पोहोचायला साडेनऊ झाले.